मुलाचं ‘डी’ १७ आलंय, सर्दी काही जाईना, साठ हजारचे पाऊच देत राहू का?

पत्र:

“डॉक्टर, मी डिचोलीहून लिहितेय. मुलगा साडेचार वर्षांचा, जूनपासून केजीत जायला लागला आणि तेव्हापासून घरात सर्दी संपतच नाही. नाक वाहतं, मग खोकला, मध्येच ताप, जरा बरा झाला की पंधरा दिवसांनी परत तेच. दोनदा अँटिबायोटिक झालं. नणंदेने सांगितलं म्हणून ऑगस्टमध्ये, ताप उतरत असतानाच, लॅबमध्ये व्हिटॅमिन डी तपासलं तर १७ आलं. फार्मसीतून डी चे साठ हजार युनिटचे पाऊच आणले, आठवड्याला एक असं सांगितलंय, दोन देऊन झाले. सासूबाई म्हणतात सकाळचं कोवळं ऊन दाखव आणि मासे बंद कर, कफ होतो. धाकटी पाच महिन्यांची आहे, माझ्याच दुधावर, तिलाही आता खोकला लागलाय. तिला पण डी लागेल का? पाऊच एकूण किती द्यायचे? डी भरलं की सर्दी थांबेल ना? शाळेत पाठवू की नको? चवथीला, म्हणजे गणपतीला, सत्तरीत मूळ घरी जायचंय, तीस-चाळीस माणसं असतात. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. — एक आई”

ताई, पहिलं काम म्हणजे ते तिसरं पाऊच फोडू नका. दोन दिले त्याचं टेन्शन नको, तेवढ्याने काही बिघडत नाही, खरी कमतरता असलेल्या मुलांना आम्ही बालरोगवाले पण साठ हजारचा डोस देतो, पण तो ठरावीक आठवडे आणि थांबायची तारीख कागदावर लिहून. फार्मसीच्या काउंटरवर “आठवड्याला एक” एवढंच सांगून हातात दिलेलं पाऊच आणि ते, यात फरक आहे. थांबायचं कधी हे कोणी सांगितलंच नाही तर आया सहा-सहा महिने देत राहतात, मग मूल ओकायला लागतं, बद्धकोष्ठ होतं, तहान तहान करतं, सारखं शूला जातं, रक्तातलं कॅल्शियम चढलेलं असतं आणि पुढे किडनीवर येतं. डी हे चरबीत साठणारं व्हिटॅमिन आहे, बी-कॉम्प्लेक्ससारखं जास्तीचं लघवीतून निघून जात नाही.

आता तो १७ चा आकडा. तुमच्या रिपोर्टवर तो बहुतेक ठळक अक्षरात असेल, बाजूला बाण खाली, आणि शेजारी “नॉर्मल ३० ते १००” असं छापलेलं. ते बघून कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण तो ३० चा कट-ऑफ लहान मुलांसाठी आपण वापरत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या हिशोबाने मुलांमध्ये २० च्या वर म्हणजे पुरेसं, १२ ते २० म्हणजे थोडं कमी आणि १२ च्या खाली म्हणजे खरी कमतरता. म्हणजे तुमचा मुलगा मधल्या खणात आहे. शिवाय रक्त कधी काढलं? ऑगस्टमध्ये, पावसाळ्याचे दोन-अडीच महिने झाल्यावर आणि तेही मूल तापातून उठत असताना. आजारपणात शरीरात सूज-जळजळ चालू असते तेव्हा हा आकडा तात्पुरता खाली येतो, बऱ्याच अभ्यासांत दिसलंय ते. मेमध्ये तपासलं असतं तर कदाचित २०-२२ आलं असतं आणि नणंदेचा फोन तिथेच संपला असता.

आणि खरं सांगायचं तर धडधाकट मुलाला नुसती सर्दी होते म्हणून ही टेस्ट करायची गरजच नसते. पाय धनुष्यासारखे वाकलेत, मनगटं रुंद झालीत, चालायला खूप उशीर झाला, बाळाची टाळू भरत नाहीये, फिट आली, किंवा मूल फिटचं औषध बरीच वर्षं घेतंय, अशा वेळी जरूर करा. एरवी त्या पैशाचे बांगडे आणा.

तुमचा मुख्य प्रश्न, डी भरलं की सर्दी थांबेल का? थांबणार नाही. थोडीफार कमी होईल का? तुमच्या मुलाच्या बाबतीत झालीच तर इतकी थोडी की तुम्हाला जाणवणार पण नाही. हे मी अंदाजाने नाही सांगत, या एका प्रश्नावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर भरपूर काम झालंय, थोडं सांगते म्हणजे पुढच्या वेळी कोणी छातीठोक बोललं की तुम्हाला तोलता येईल.

संशय कुठून आला तर मुडदूस, म्हणजे डी कमी पडून हाडं मऊ होतात तो आजार, झालेल्या मुलांवरून. १९९७ साली इथिओपियातला एक अभ्यास छापून आला, न्यूमोनियाने ॲडमिट झालेली पाच वर्षांखालची मुलं आणि तशीच पण न्यूमोनिया नसलेली मुलं यांची तुलना केली, तर न्यूमोनियावाल्यांमध्ये मुडदूस असण्याची शक्यता तेरा पटीच्या आसपास निघाली. तेरा पट म्हणजे चेष्टा नाही. बरगड्या मऊ, छातीचे स्नायू ढिले, मूल नीट खोकून कफ बाहेर टाकू शकत नाही, हे तर झालंच. पुढे २००६ मध्ये असंही कळलं की आपल्या पांढऱ्या पेशी डी वापरून कॅथेलिसिडिन नावाचं एक जंतूमारक प्रथिन बनवतात. मग सगळ्यांना वाटलं, झालं, सापडला उपाय, डी पाजा आणि न्यूमोनिया संपवा.

म्हणून काबूलमध्ये मोठी चाचणी केली, एक ते अकरा महिन्यांची तीन हजारांहून जास्त बाळं, निम्म्यांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिटचा डोस आणि निम्म्यांना नुसतंच औषधासारखं दिसणारं पाणी-तेल, असं दीड वर्ष. २०१२ मध्ये निकाल आला. न्यूमोनियात काहीच फरक नाही! आणि गंमत बघा, त्याच वर्षी मंगोलियातून उलटी बातमी आली, तिथे हिवाळ्यात शाळेतल्या मुलांना रोज ३०० युनिट डी घातलेलं दूध दिलं आणि त्यांच्या सर्दी-खोकल्याच्या खेपा जवळपास निम्म्यावर आल्या. एकीकडे लाख लाख युनिट देऊन शून्य आणि दुसरीकडे रोजच्या ३०० ने एवढा फरक, असं कसं? पण मंगोलियातल्या त्या मुलांचं सुरुवातीचं डी ७ होतं. सात! तिथला हिवाळा म्हणजे सूर्य असून नसल्यासारखा. मग टोरंटोवाल्यांनी एक ते पाच वर्षांच्या सातशे मुलांना घेतलं, ज्यांचं डी बऱ्यापैकी ठीकच होतं, निम्म्यांना रोज ४०० आणि निम्म्यांना रोज २०००, आणि अख्खा हिवाळा नाकातले स्वॅब तपासले. २०१७ चा निकाल, दोन्हीकडे मुलामागे साधारण एक-एकच इन्फेक्शन, पाचपट डोसचा फायदा काही नाही.

हुमणात, म्हणजे माशाच्या कढीत, मीठच नसेल तर चिमूटभराने चव येते, पण बेताचं असलेल्या हुमणात आणखी मूठभर टाकलं म्हणून ते जास्त चविष्ट होत नाही, तसलाच हा प्रकार आहे. २०१७ मध्ये लंडनच्या मंडळींनी २५ चाचण्यांतल्या अकरा हजारांच्या आसपास माणसांची माहिती एकत्र केली त्यातही हेच निघालं, ज्यांचं डी १० च्या खाली होतं आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं त्यांना चांगला फायदा, मोठे मोठे डोस एकदम घेणाऱ्यांना नाही. ही बातमी तेव्हा खूप गाजली, व्हॉट्सॲपवर अजून फिरते. पण त्यानंतरचं कोणी फॉरवर्ड करत नाही. २०२१ मध्ये आणखी चाचण्या घालून हिशोब केला तर डी घेणाऱ्या शंभरांपैकी ६१ जणांना काही ना काही श्वसनाचं इन्फेक्शन झालं आणि न घेणाऱ्या शंभरांपैकी ६२ जणांना. एकाचा फरक. तो थोडा दिसला तो एक ते सोळा वयाच्या मुलांत, रोज ४०० ते १००० युनिट घेणाऱ्यांत. २०२५ मध्ये परत सगळं जमवलं तेव्हा फायदा इतका बारीक झाला की तो खरा की योगायोग हे पण ठामपणे म्हणता येईना. दम्याचंही असंच झालं, आधी वाटलं डी ने दम्याचे अटॅक कमी होतात, नंतरच्या मोठ्या आढाव्यात ते टिकलं नाही.

तर मग डी सोडूनच द्यायचं का? नाही नाही. हाडांसाठी ते हवंच, त्यात वाद नाही. तुमच्या मुलाला रोज ६०० युनिट, बस. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना १७ चा रिपोर्ट दाखवा, ते कदाचित काही आठवडे थोडं वाढवतील, तो त्यांचा निर्णय. जेवणानंतर द्या, जेवणात खोबरं-तेल-तूप काहीतरी असतंच आपल्याकडे, त्याबरोबर नीट शोषलं जातं.

धाकटीचं उत्तर तर जास्त सोपं. तिला डी लागतंच, सर्दी असो वा नसो. आईचं दूध सगळ्यात उत्तम पण डी च्या बाबतीत ते तोकडं पडतं, म्हणून जन्मल्यापासून वर्षाची होईपर्यंत रोज ४०० युनिटचे थेंब, हे प्रत्येक बाळाला. तिला अजून सुरू केलं नसेल तर आजच विचारून सुरू करा. फक्त बाटली वाचा ताई, खरंच वाचा. काही कंपन्यांच्या एका एमएलमध्ये ४०० असतात, काहींच्या ८००, आणि काही परदेशी बाटल्यांत एका थेंबातच ४०० असतात. आणि एक सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे मोठ्या माणसांसाठीची ती पाच एमएलची छोटी बाटली, तिच्यात साठ हजार असतात, आख्खी एका वेळी प्यायची. माझ्या ओपीडीत एक आजी आल्या होत्या, पिशवीत दोन बाटल्या, एक सुनेची आणि एक नातवाची, दोन्ही बोटाएवढ्या, दोन्हींवर पिवळा सूर्य छापलेला, आणि आजींचा चष्मा घरी. नशीब की विचारायला आल्या. घरात मोठ्यांची बाटली असेल तर ती वेगळ्या कपाटात ठेवा. थेंबांच्या बाटलीबरोबर जो ड्रॉपर येतो तोच वापरा, चमचा नको.

मग एवढी सर्दी का? कारण तो केजीत गेला. हे ऐकायला फार साधं वाटतं आणि म्हणूनच कोणाला पटत नाही. पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या नॉर्मल, काहींना दहा-बारा. प्रत्येक सर्दीचा खोकला दोन आठवडे, कधी तीन. आता हिशोब करा, त्यातल्या निम्म्या जरी जून ते सप्टेंबरमध्ये आल्या, खिडक्या बंद, तीस मुलं एका खोलीत, रेनकोट ओले, तर मूल सतत आजारीच आहे असं वाटणारच. शंभर-दोनशे जातीचे व्हायरस आहेत, त्याची एकेकाशी ओळख होतेय. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपोआप कमी होतं, आणि त्या वेळी जे काही टॉनिक चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

आपल्याकडे गोंधळ वाढतो कारण सगळं एकदमच जुळून येतं. जूनमध्ये शाळा सुरू, जूनमध्येच पाऊस, ऊन गायब. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजा बांगडा नाही, तारले नाहीत. ती बंदी उठते तोवर श्रावण, घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. म्हणजे अंगावरचं ऊन आणि ताटातलं डी दोन्ही त्याच महिन्यांत कमी होतात ज्या महिन्यांत मूल वर्गातून सर्दी घेऊन येतं. मग रिपोर्टमध्ये डी कमी दिसलं की वाटतं सापडलं कारण. दोन गोष्टी एका वेळी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, आणि जे मूल सारखं आजारी ते घरातच बसतं म्हणून पण त्याचं डी आणखी उतरतं, हा उलटा धागा पण असतोच.

मासे बंद करू नका. सासूबाईंचा मान ठेवून सांगते, माशांनी कफ होत नाही. उलट आपल्या जेवणात डी चा सगळ्यात भरवशाचा पदार्थ तोच, आणि त्यातही महागाचे विसवण-पापलेट नाही, तर बांगडे आणि तारले, तेलकट असतात ना म्हणून. आठवड्यातून दोन-तीनदा हुमणातला किंवा तव्यावर भाजलेला बांगडा, काटे काढून. श्रावण पाळत असाल तर पाळा, तेवढ्याने काही अडत नाही, थेंब चालू आहेतच. अंड्याचा पिवळा बलक घालणार असाल तर घाला, थोडं मिळतं त्यातून. दुधाच्या पिशवीवर निळा ‘+एफ’ चा शिक्का आहे का बघा, म्हणजे त्यात डी घातलेलं असतं, पण लिटरमागे दोनशे-तीनशे युनिटच, तेव्हा एका कपावर फार भिस्त ठेवू नका.

आणि कोवळं ऊन! यावर मी दर आठवड्याला कोणाशी तरी गोड भांडण करते. सकाळी सातचं ऊन छान असतं, बाळाला बाहेर नेलं की बाळंतिणीला पण बरं वाटतं, पण डी साठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. कातडीत डी बनवायला जे अतिनील बी किरण लागतात ते सूर्य तिरका असताना हवेतच अडकतात. सोपी खूण म्हणजे सावली, तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर डी फारसं बनत नाही, आखूड असेल तर बनतं. म्हणजे साधारण दहा-साडेदहा ते तीन. काचेच्या खिडकीतून येणारं ऊनही चालत नाही, काच ते किरण अडवते. आपण पंधरा अंश अक्षांशावर राहतो, मंगोलियासारखी आपल्याला सूर्याची भीक मागायची पाळी नाही, पावसात उघडीप मिळाली की मुलाला शाळेतून आल्यावर अर्ध्या बाह्या-अर्ध्या चड्डीत पंधरा-वीस मिनिटं अंगणात सोडा, सावळ्या रंगाला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो एवढंच. चवथीनंतर ऊन पडायला लागलं की तसं रोज. बाळाला मात्र भर दुपारच्या उन्हात झोपवू नका, तिला थेंब पुरेत.

आता ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो आणि ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरी देता का? ओवा, धूप, शेगडीवरचे निखारे? बंद करा. पाच महिन्यांच्या फुप्फुसाला तो धूर म्हणजे शुद्ध त्रास, तिच्या खोकल्यात त्याचा वाटा असू शकतो. रात्री मच्छर कॉइल लावता का? एक कॉइल जळून जेवढे बारीक कण हवेत जातात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलंय, आणि आपण ती दारं-खिडक्या लावून पाळण्याखाली ठेवतो. मच्छरदाणी लावा, स्वस्त आणि बिनधुराची. घरात कोणी ओढतं का? “बाहेर जाऊन ओढतो” हे अर्धंच बरं, कपड्यांना लागून येतंच. पाण्याच्या बंबाखाली नारळाच्या चुडत्या-करवंट्या पेटवत असाल तर त्या वेळी मुलं दुसऱ्या बाजूला ठेवा. भिंतीवर काळी बुरशी आली असेल, आपल्याकडे पावसात येतेच, तर ती पुसून घ्या आणि निदान मुलांच्या बिछान्याची बाजू बदला, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका.

मग लसींचं कार्ड काढा. न्यूमोकोकलची लस, म्हणजे पीसीव्ही, सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. पेंटाव्हॅलंट लसीत हिब असतं, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या आणखी एका जंतूवरची लस. धाकटीचे दीड आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेत ना बघा, राहिले असतील तर डिचोलीच्या आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. न्यूमोनियापासून वाचवण्यात डी च्या कुठल्याही पाऊचपेक्षा हे डोस कितीतरी भारी. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, विकत घ्यावी लागते, सहा महिन्यांनंतर देता येते, पहिल्या वर्षी एका महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. पावसाच्या आधी दिली तर उत्तम. तुमच्या मुलासाठी खर्च करायचाच असेल तर मी तो इथे करेन.

अँटिबायोटिक दोनदा झालं म्हणता. साध्या सर्दीवर त्याचा काही उपयोग नसतो, नाकातला शेंबूड हिरवा झाला तरी नसतो. आणि खोकल्याची सिरपं, ती पण काढून टाका घरातून. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी सिरपने लहान मुलं दगावली ते तुम्ही वाचलं असेल, त्यानंतर केंद्राने परत बजावलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली पण साधारण नकोत. मुलाला रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध द्या, खोकल्याला बरं वाटतं. धाकटीला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायचा पण नाही, वर्षाच्या आत मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. तिच्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात ते घाला, दूध पाजायच्या आधी, म्हणजे नीट ओढेल.

एक मात्र शिकून घ्या, श्वास मोजायला. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. रडताना मोजू नका, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट पण नको. धाकटीचे ५० किंवा जास्त आले, थोरल्याचे ४० किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, दूध-पाणी घेत नाहीये, घेतलेलं सगळं ओकतंय, ओठ निळसर, झोपेतून नीट जागं होत नाही, फिट आली, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावा. रात्रीचे दोन असोत नाहीतर चवथीची आरती चालू असो.

दुसरी एक शंका माझ्या मनात आहे, तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणून विचारते. खोकला पहाटे जास्त येतो का? धावल्यावर, हसल्यावर येतो का? छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज? घरात कोणाला दमा किंवा सारख्या शिंका? यातल्या दोन-तीन गोष्टींना हो असेल तर ही नुसती सर्दी नाही, लहानपणचा दमा असू शकतो, आणि मग त्याला स्पेसर (इन्हेलरला जोडायचं नळकांडं) लावून इन्हेलर लागेल. इन्हेलरचं नाव काढलं की घरात सुतक पडतं, माहीत आहे मला, पण सवय-बिवय काही लागत नाही, औषध थेट फुप्फुसात जातं आणि सिरपपेक्षा कितीतरी कमी लागतं. तसंच वजन वाढत नसेल, न्यूमोनियाने दोनदा ॲडमिट झाला असेल किंवा कान सारखा वाहत असेल, तर मात्र नीट तपासण्या करायला हव्यात, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बालरोग विभागात दाखवा. यातलं काही नसेल, दोन सर्द्यांच्या मध्ये तो हुंदडतो, जेवतो, वजन वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती ठणठणीत आहे. तुमचं काही चुकत नाहीये.

शाळेचं विचारलंत. ताप असेल, मलूल असेल तर घरी. ताप जाऊन चोवीस तास झाले, खेळतोय, नुसतं नाक वाहतंय, तर पाठवा, नाहीतर या हिशोबाने तो दिवाळीपर्यंत शाळेत जाणारच नाही. घरी आला की आधी साबणाने हात आणि तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मगच बहिणीच्या पाळण्याजवळ.

आणि चवथीला जा की. फक्त धाकटीला या हातातून त्या हातात फिरवू देऊ नका, ज्याला खोकला आहे त्याने तिचा मुका घ्यायचा नाही, आणि हे सांगायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, नवऱ्याला सांगा, त्याच्या घरची माणसं आहेत. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली समई, उदबत्त्या, धूप, बाहेर फोगोट्यांचा (फटाक्यांचा) धूर असं सगळं असणार, तेव्हा तिला मागच्या खोलीत झोपवा, खिडकी उघडी ठेवून. थेंबांची बाटली, ड्रॉपर आणि लसींचं कार्ड बॅगेत घ्या. उरलेली पाऊचं फार्मसीत परत घेत नसतील तर टाकून द्या, कोणा जावेच्या मुलाला देऊ नका.